मुरली की शिळी झाली?

मामांच्या दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये शॅम्पेनची एक बाटली होती. पितळी नटराज आणि मामेभावाला बुद्धिबळात मिळालेल्या ढाली यांच्या मधोमध. परदेशातून परतताना विमानतळावरच्या दुकानात घेतलेली, लेबलवर २००२ हे साल. 'चांगल्या प्रसंगाला उघडायची' असं ठरलं होतं आणि चांगले प्रसंग येत-जात राहिले. वर ट्यूबलाइट, दुपारी गॅलरीतून येणारं ऊन आणि पुण्याचे दहा-बारा उन्हाळे. अखेर मामा-मामींच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवशी मुहूर्त लागला. बूच आवाज न करताच हातात आलं. ग्लासात उतरलं ते कोऱ्या चहाच्या रंगाचं काहीतरी. बुडबुडे नावापुरते. वास उकडलेल्या कोबीचा आणि त्यामागून कापून ठेवलेल्या सफरचंदाचा. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मामांनी एक घोट घेतला, मान डोलावली आणि म्हणाले, "जुनी आहे ना, अशीच लागत असणार."

पुढे दोनेक वर्षांनी मुंबईत एका चाखणीच्या बैठकीत त्याच सालाची शॅम्पेन समोर आली. उत्पादक वेगळा, पण साल तेच. ग्लासात जुन्या सोन्याचा रंग, वासात ताजी खारी, मध आणि भाजलेले बदाम, आणि घोट गिळल्यावरही तोंडात लिंबाच्या सालीसारखा तजेला. दोन्ही बाटल्यांचं वय जवळपास सारखं. फरक सांगायला मराठीत दोन नेमके शब्द आहेत. बरणीतलं लोणचं वर्षभरात मुरतं, भात एका रात्रीत शिळा होतो. जुन्या शॅम्पेनची पारख करणं म्हणजे समोरची बाटली यांपैकी कुठल्या वाटेनं गेली ते ओळखणं.

साल म्हणजे काय?

शॅम्पेन हे मुळात फ्रान्सच्या ईशान्येकडच्या एका प्रदेशाचं नाव. रँस आणि एपर्ने ही तिथली मुख्य गावं. या प्रदेशात, ठरलेल्या पद्धतीनं बनलेल्या वाइनलाच हे नाव लावता येतं. आपल्याकडे मात्र विजयमंचावर फवारली जाणारी प्रत्येक फेसाळ वाइन शॅम्पेनच असते. मुख्य द्राक्षं तीन : शार्दोने, पिनो न्वार आणि म्युनिये. हा प्रदेश थंड, त्यामुळे दरवर्षी द्राक्षं नीट पिकतीलच याची पूर्वापार खात्री नव्हती. म्हणून तिथल्या घराण्यांनी (वाइन बनवणाऱ्या पेढ्यांना तिथे 'घर'च म्हणतात) निरनिराळ्या वर्षांच्या वाइन एकत्र करून दरवर्षी एकसारखी चव देण्याची कला साधली. बाजारातल्या बहुतेक शॅम्पेनवर साल नसतं ते यामुळे.

एखादं वर्ष खास वाटलं, की घराणं फक्त त्या वर्षीच्या द्राक्षांची शॅम्पेन काढतं आणि लेबलवर साल छापतं. बिनसालाच्या शॅम्पेनला बाटलीत भरल्यापासून किमान १५ महिने थांबावं लागतं, सालाच्या शॅम्पेनला किमान ३ वर्षं. चांगली घराणी त्याहून बरीच जास्त थांबतात.

त्यामुळे ग्लास हातात घेण्याआधी त्या वर्षाचं हवामान ठाऊक असलेलं बरं. १९९६ साली द्राक्षांत साखर आणि आम्ल दोन्ही असाधारण होती. त्या सालाच्या वाइन तरुणपणी दात आंबवणाऱ्या होत्या. २००३ साली वसंतातल्या हिमानं बागा झोडपल्या, पाठोपाठ युरोपभर उष्णतेची लाट आली आणि तोडणी ऑगस्टमध्येच सुरू झाली. वाइन पिकलेल्या, भरदार, पण आंबटपणाला कमी. २००२ आणि २००८ ही वर्षं जाणकारांच्या आवडीची. २००२ मध्ये पिकलेपण आणि आम्ल यांचा मेळ होता. २००८ ची वाइन ताठ कण्याची, सावकाश उलगडणारी. आम्ल हे अशा वाइनचं मीठ-तेल. लोणचं टिकतं ते कैरीच्या जोरावर नव्हे, तशी जुनी शॅम्पेन टिकते ती फळाच्या जोरावर नव्हे.

दोन घड्याळं

मुरणं नेमकं कुठे आणि कसं होतं, हे समजायला बाटलीचा जन्म बघावा लागतो. आधी साधी, बिनबुडबुड्यांची पांढरी वाइन तयार होते. मग ती बाटलीत भरताना लिटरमागे साधारण २४ ग्रॅम साखर आणि यीस्ट घालतात आणि बहुधा सोड्याच्या बाटलीला असतं तसं पत्र्याचं झाकण ठोकतात. आत पुन्हा किण्वन होतं. यातून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडला जायला वाट नसते, म्हणून तो वाइनमध्येच विरघळतो. ४ ग्रॅम साखरेमागे साधारण एक वातावरणाइतका दाब तयार होतो, म्हणजे एकूण सहा. मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या जवळपास तिप्पट.

साखर संपली की यीस्ट मरतं आणि गाळ होऊन तळाशी बसतं. इथून पहिलं घड्याळ सुरू होतं. खडूच्या दगडात खोदलेल्या, १०-१२ अंशांच्या अंधाऱ्या तळघरात बाटल्या आडव्या पडून असतात. रँसमधल्या काही खाणी तर रोमन काळापासूनच्या. वर्षामागून वर्षं मेलेल्या यीस्टच्या पेशी फुटत जातात आणि त्यांच्यातली अमिनो आम्लं, प्रथिनं आणि शर्करायुक्त पदार्थ वाइनमध्ये उतरतात. बेकरीच्या दारात येतो तो वास आणि जिभेवरचा सायीसारखा मऊपणा यांचं मूळ इथे आहे. शिवाय हा गाळ प्राणवायू शोषून घेतो, म्हणजे वाइनची राखणही करतो. गाळावरची वाइन फार हळू म्हातारी होते.

मग केव्हातरी गाळ काढायचा. बाटली हळूहळू उलटी करत गाळ तोंडाशी आणतात, मान गोठवतात आणि झाकण उडवलं की आतल्या दाबानं गाळाचा बर्फाळ खडा बाहेर फेकला जातो. कमी झालेली जागा वाइन आणि थोड्या साखरेच्या मिश्रणानं भरतात आणि बूच लावतात. लेबलवरचा 'ब्रूत' हा शब्द या शेवटच्या साखरेबद्दल बोलतो : लिटरमागे १२ ग्रॅमहून कमी.

बूच लागलं की दुसरं घड्याळ सुरू. राखणदार गेलेला असतो. बुचातून अगदी सूक्ष्म प्रमाणात हवा आत येते, वायू बाहेर जातो. शेवटी घातलेली साखर आणि वाइनमधली अमिनो आम्लं यांच्यात सावकाश अभिक्रिया होते. भाकरीवर तपकिरी डाग पडतात आणि खमंग वास सुटतो, त्याच जातीची. तव्यावर ती मिनिटात होते, तळघरात तिला वर्षं लागतात. मध, सुकामेवा, टोस्ट या छटा या दुसऱ्या घड्याळाच्या.

म्हणून एकाच सालाच्या, एकाच घराण्याच्या दोन बाटल्या अगदी वेगळ्या लागू शकतात. एक पंधरा वर्षं गाळावर राहून परवा बाहेर आलेली, दुसरी आठव्या वर्षी बूच लागून नंतर कुणाच्या तरी कपाटात राहिलेली. बोलँजे या घराण्यानं हीच गोष्ट विक्रीचा मुद्दा केली. त्यांच्या 'आर. डी.' या शॅम्पेनच्या नावाचा अर्थच 'नुकताच गाळ काढलेली' असा आहे आणि १९५२ च्या वाइनपासून त्यांनी ती परंपरा सुरू केली. डोम पेरिन्यों ही आपली जुनी सालं दीर्घकाळ गाळावर ठेवून पुन्हा नव्यानं बाजारात आणते. सांगायचा मुद्दा हा, की साल वाचून झालं की बाटली फिरवून मागचं लेबल वाचावं. बऱ्याच घराण्यांच्या बाटल्यांवर गाळ काढल्याची तारीख किंवा महिना असतो. साल म्हणजे जन्मतारीख, आणि ही दुसरी तारीख म्हणजे घर सोडल्याची.

उघडण्याआधी

जुनी शॅम्पेन फ्रीजमधून थेट ग्लासात आणू नये. तरुण शॅम्पेनला ८ अंश ठीक. मुरलेलीला १० ते १२ अंश हवेत, कारण थंडीनं वास मिटतात आणि जुन्या वाइनचं सगळं वैभव वासात असतं. उंच, अरुंद फ्लूट ग्लास दिसायला देखणा, पण नाक खुपसायला निरुपयोगी. पसरट कूपमधून वास आणि वायू दोन्ही पटकन उडतात. पोटाशी रुंद आणि तोंडाशी निमुळता, ट्युलिपच्या आकाराचा किंवा पांढऱ्या वाइनचा साधा ग्लास घ्यावा.

बुचावरची तार सहा अर्ध्या वळशांत सुटते. बूच घट्ट धरून फिरवायची ती बाटली. धडाका झाला तर वायू वाया गेला असं समजावं, सुस्कारा आला तर काम नीट झालं. हातात आलेलं बूच फेकून न देता निरखावं. बसवण्याआधी ते सुमारे ३१ मिलिमीटर व्यासाचं असतं आणि त्याहून कितीतरी अरुंद मानेत कोंबलेलं असतं. तरुण बाटलीचं बूच बाहेर येताच परकराच्या घेरासारखं खालून फुलतं. वर्षानुवर्षं दाबात राहिलेलं बूच फुलणं विसरतं आणि खुंटीसारखं सरळ राहतं. दुसरं घड्याळ किती चाललं, याचा हा हाती आलेला पुरावा. मामांच्या बाटलीचं बूच तर खुंटीहूनही बारीक झालं होतं.

ओतताना ग्लास तिरका धरावा, बिअर ओततात तसा. रँस विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ जेरार लिजे-बेलेर यांनी उभं आयुष्य शॅम्पेनच्या बुडबुड्यांना वाहिलंय. तिरक्या ग्लासात ओतल्यानं वायू अधिक टिकतो, हे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मोजून दाखवलं आहे. जुन्या बाटलीत आधीच वायू कमी उरलेला असताना ही काटकसर कामी येते.

डोळा

पांढऱ्या कागदासमोर ग्लास तिरपा धरला की रंग कळतो. तरुणपणीचा हिरवट पिवळा रंग वयाबरोबर सोनेरी होतो, मग जुन्या सोन्याचा, मग तांबूस. सोनेरी रंगाला घाबरायचं कारण नाही. तपकिरीकडे झुकला तर सावध व्हावं, आणि त्याहीपेक्षा चमक बघावी. मुरलेल्या वाइनच्या रंगात आतून उजेड असतो, शिळी झालेली मलूल दिसते.

बुडबुड्यांवरून मात्र घाईनं निकाल देऊ नये. बुडबुडे वाइनमधून आपोआप उठत नाहीत. ग्लास पुसलेल्या फडक्याचे किंवा हवेतल्या धुळीचे सेल्युलोजचे सूक्ष्म तंतू काचेला चिकटलेले असतात, त्यांच्या पोकळीत अडकलेल्या हवेवर ते जन्म घेतात. काच निर्मळ गुळगुळीत असेल तर उत्तम शॅम्पेनही निपचित दिसेल. म्हणजे बुडबुड्यांची मोत्यांची माळ ही बरीचशी तुमच्या फडक्याची कमाई. वयाचा भाग एवढाच, की विरघळलेला वायू कमी झाल्यानं बुडबुडे लहान आणि संथ होतात. जुन्या शॅम्पेनचा फेस खळाळत नाही, कुजबुजतो.

नाक

पहिला वास ग्लास न हलवता घ्यावा, मग हलका गोल फिरवून दुसरा. मुरलेल्या वाइनमध्ये वासांचे तीन थर शोधायचे. तळाशी फळ : लिंबू, सफरचंद, नासपती हे आता मुरांबा किंवा सुकवलेल्या जर्दाळूच्या रूपात असतात. मधे यीस्टची देणगी : पाव, खारी, नानकटाई. वर वयाचा थर : मध, अक्रोड, टोस्ट, ओल्या रानातली अळंबी, कॉफी. शेवटचा शब्द अलंकार म्हणून वापरलेला नाही. भाजलेल्या कॉफीला तिचा वास देणारं गंधकयुक्त संयुग जुन्या शॅम्पेनमध्ये खरोखरच सापडतं आणि वयाबरोबर वाढतं. मेथीदाण्यातलं सोटोलॉन हे संयुगही हवेशी संबंध येऊन वय झालेल्या वाइनमध्ये तयार होतं. अत्यल्प असेल तर त्याचा वास मधाळ, काकवीसारखा लागतो. वाढलं तर सरळ मेथीचा, मसाल्याच्या डब्याचा. आपल्या नाकाला ही सीमा फ्रेंच नाकाहून लवकर कळायला हरकत नाही.

तिन्ही थर असणं महत्त्वाचं. नुसता वयाचा थर उरला असेल आणि खाली फळाचा मागमूस नसेल, तर भिंती उभ्या आणि घर रिकामं, अशी गत.

बिघाडांचे वास वेगळे ओळखता यायला हवेत. ओल धरलेल्या पुठ्ठ्याचा, कुबट गोणपाटाचा वास आला तर बुचातला ट्रायक्लोरोअॅनिसोल. लिटरमागे काही नॅनोग्रॅम एवढ्यानंही वाइन मुकी होते. अळंबीचा वास आणि हा कुबटपणा यांत नवशिक्याचा गोंधळ होतो. खूण अशी, की अळंबीसोबत इतर वास जिवंत असतात, पुठ्ठा मात्र सगळ्यांचे गळे दाबतो आणि वेळ जाईल तसा वाढतच जातो. कापून ठेवलेल्या सफरचंदाचा वास म्हणजे हवा प्रमाणाबाहेर आत गेली. उकडलेल्या कोबीचा किंवा ओल्या लोकरीचा वास म्हणजे प्रकाशाची बाधा. उजेडात वाइनमधलं रायबोफ्लेविन म्हणजे ब जीवनसत्त्वांपैकी एक चेतवलं जातं आणि त्यातून गंधकाची दुर्गंधी संयुगं तयार होतात. ऊनच लागतं असं नाही, ट्यूबलाइटही पुरते. लुई रोदेरेरची 'क्रिस्टाल' ही शॅम्पेन पारदर्शक काचेत येते, म्हणून तिला पिवळ्या सेलोफेनचा कागद गुंडाळलेला असतो. कागद शोभेचा नाही, पडद्याचा आहे.

जीभ

घोट मोठा घ्यावा आणि तोंडभर फिरवावा. शॅम्पेनची चरचर ही केवळ बुडबुडे फुटण्याची टोचणी नसते. आपल्या लाळेतलं आणि जिभेतलं एक विकर कार्बन डायऑक्साइडचं कार्बॉनिक आम्लात रूपांतर करतं आणि ती चुणचुण आम्लाची असते. वायू कमी झालेल्या जुन्या वाइनमध्ये हा आधार दुबळा होतो. मग मूळ आंबटपणा, गोडवा, कडसरपणा उघडे पडतात. तरुण शॅम्पेनचे दोष फेसाखाली झाकून जातात, म्हातारीला ती सवलत नाही.

फेस टोचतो की सायीसारखा पसरतो? आंबटपणा वाइनला उभं धरतोय की सुटा पडून दातांवर येतोय? १९९६ च्या काही बाटल्यांत फळ विरलं आणि आम्ल तसंच उरलं. अशी वाइन जुनी नव्हे, हाडकुळी लागते. साखर वेगळी जाणवते की विरघळून गेलीय? गाळ काढल्यावर घातलेली साखर पहिले काही महिने उपरी वाटते, मग मिसळते.

शेवटी घोट गिळायचा आणि मनात सेकंद मोजायचे. फ्रेंच चाखणाऱ्यांनी यासाठी एक एककच केलंय, 'कोदाली' : चव जितके सेकंद रेंगाळेल तितक्या कोदाली. नुसतं रेंगाळणं पुरेसं नाही, कडवटपणाही रेंगाळतोच. रेंगाळतंय काय, तेही बघायचं. मुंबईतल्या त्या ग्लासात मी पंधरा-सोळापर्यंत मोजलं आणि मग कुणीतरी बोलल्यानं आकडा विसरलो. भाजलेल्या बदामाची चव तेव्हाही होती.

निकाल, जरा थांबून

परीक्षक गुण देतात, कुणी २० पैकी, कुणी १०० पैकी. पण त्यामागचे प्रश्न चारच : तोल आहे का, चव किती रेंगाळते, ती किती ठसठशीत आहे, आणि किती पदरी आहे. जुन्या वाइनसाठी पाचवा प्रश्न असतो : आत्ता प्यावी, ठेवावी, की वेळ निघून गेली? ग्लासात तासभर ठेवून बघितलं तर याचं उत्तर बरंचसं मिळतं. ज्या वाइनला अजून वाट चालायचीय ती तासाभरात खुलते. जिची संपलीय ती दहा मिनिटांत कोसळते.

थांबण्याचं महत्त्व सांगणारं सगळ्यात नवलाचं उदाहरण समुद्रातलं आहे. जुलै २०१० मध्ये फिनलंडच्या ओलांड बेटांजवळ बाल्टिक समुद्राच्या तळाशी, सुमारे ५० मीटर खोल, एका बुडालेल्या जहाजात पाणबुड्यांना १६८ बाटल्या सापडल्या. व्हव क्लिको, हाइडसिक आणि जुगलार या घराण्यांची ही शॅम्पेन सुमारे १७० वर्षं तिथे होती. रँस विद्यापीठाचे फिलिप जाँदे आणि सहकाऱ्यांनी तिची तपासणी करून २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. साखर लिटरमागे १४० ग्रॅमच्या वर निघाली, म्हणजे त्या काळच्या माणसांना शॅम्पेन जवळपास सरबताइतकी गोड लागे. पण लक्षात राहतो तो वासाचा अहवाल. आधी वास आला जनावराचा, ओल्या केसांचा, चीजचा. कुणीही ग्लास बाजूला सारला असता. मग ग्लास फिरवला, हवा लागू दिली आणि भाजलेले, मसालेदार, धुराचे, चामड्याचे वास वर आले. अंधार, २ ते ४ अंशांची थंडी आणि स्थिर दाब यांनी तिला इतकी वर्षं सांभाळलं होतं. म्हणजे समुद्राच्या तळाशी जे मिळालं, ते सगळं शोकेसमध्ये नेमकं उलट होतं.

फेसाळ वाइन महाराष्ट्रालाही अनोळखी नाही. १९८० च्या दशकात नारायणगावात फ्रेंच तंत्राच्या मदतीनं 'उमर खय्याम' बनू लागली. आता नाशिक परिसरात सुला आणि शँदोन बाटलीतल्या दुसऱ्या किण्वनाच्याच पद्धतीनं ती बनवतात. त्यातल्या बहुतेक बाटल्या ताज्या प्यायच्या असतात, कपाटात ठेवून त्या सुधारत नाहीत. आणि आपल्या हवेत कुठलीच बाटली उघड्यावर सुधारत नाही. तळघर नसेल तर वाइनचा फ्रीज, तोही नसेल तर वेळेत पिऊन टाकणं हाच शहाणपणा.

मामांना मी हे सगळं एकदा समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे आणली त्याच आठवड्यात प्यायलो असतो तर?" मी म्हटलं, "उत्तम लागली असती." ती बाटली अजून शोकेसजवळच, गॅलरीच्या दाराशी असते. मामींनी तिच्यात मनी प्लांट लावलाय. तिथलं ऊन त्याला छान मानवतं.